मोटर पूल गुंडाळताना : इंदूरच्या क्लेम विभागातून

३१ मार्च २०१२ च्या मध्यरात्री ‘भारतीय मोटर थर्ड पार्टी विमा पूल’ बंद झाला, म्हणजे गाडीमुळे तिसऱ्या माणसाला झालेल्या हानीच्या विम्याचा कंपन्यांचा सामाईक गट. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभ्या असलेल्या ट्रकांच्या पॉलिसीतलं एक अक्षरही त्यामुळे बदललं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू असलेल्या एकाही दाव्याचा क्रमांक बदलला नाही. बदललं इतकंच, की यापुढे त्या दाव्याचे पैसे कोणाच्या वहीतून जाणार. ऐकायला हे सोपं आहे. शाखेत मात्र पाच वर्षांच्या प्रत्येक पॉलिसीला आणि प्रत्येक क्लेम फाइलला तिची नेमकी जागा शोधून द्यावी लागली. आम्ही काही जण तेव्हा इंदूरमध्ये क्लेम आणि हिशेब या दोन टेबलांवर होतो. ते काम कसं झालं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत. अ‍ॅक्चुअरींच्या (विम्याच्या देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञांच्या) आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. ते आकडे ज्या फायलींवर उभे होते त्यांची झाली नाही, आणि खरं काम तिथेच होतं.

आधी पूल कशासाठी होता ते. १ जानेवारी २००७ पासून सर्वसाधारण विम्याचे बहुतेक दर खुले झाले, पण मोटर थर्ड पार्टीचे दर विमा नियामकाच्याच (आयआरडीए) हातात राहिले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मालकाला विमा घेणं सक्तीचं, दर ठरलेला, आणि त्या दरात ट्रकचा विमा कंपनीला तोट्याचा. मग काउंटरवर टाळाटाळ सुरू होते : आज सिस्टिम बंद आहे, फॉर्म संपले आहेत, गाडी तपासायला माणूस नाही. इंदूरच्या लोहा मंडी आणि देवास नाक्याच्या ट्रकमालकांनी हे सगळं ऐकलेलं आहे. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००७ पासून सर्व व्यावसायिक वाहनांचा थर्ड पार्टी विमा एका सामाईक पूलमध्ये टाकला गेला. पॉलिसी कंपनीनेच द्यायची, क्लेम तिनेच लढवायचा, पण थर्ड पार्टीचा हप्ता पूलकडे वर्ग करायचा. प्रशासक म्हणून जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन. वर्षाखेरीस पूलचा नफातोटा सर्व सभासद कंपन्यांत वाटायचा, आणि तोही त्यांनी किती ट्रकांचा विमा उतरवला त्यावरून नाही, तर त्यांच्या एकूण सर्वसाधारण विमा व्यवसायातल्या वाट्यावरून.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ ती विसरल्यामुळे झाला. पूल ही विमा कंपनी नव्हती. तो कंपन्यांनी आपसात केलेला पुनर्विम्याचा, म्हणजे घेतलेली जोखीम वाटून घेण्याचा, करार होता. पॉलिसीवर नाव कंपनीचं, न्यायाधिकरणात प्रतिवादी कंपनी, अवॉर्ड (न्यायाधिकरणाने मंजूर केलेली भरपाई) भरायची जबाबदारी कंपनीची. अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांचा पूलशी काही संबंध नव्हता आणि नसायलाच हवा होता.

तो का मोडला, याची कारणं दोन थरांची आहेत. वरचा थर आकड्यांचा. सुरुवातीला कंपन्या १२६ टक्के तोटा गुणोत्तर धरून तरतूद करत होत्या (पुढे द्याव्या लागणाऱ्या क्लेमसाठी पैसे बाजूला ठेवत होत्या), म्हणजे १०० रुपये हप्त्यामागे १२६ रुपयांचे क्लेम येतील असा अंदाज. मार्च २०११ मध्ये नियामकाने तो १५३ टक्के करायला लावला. नंतर ब्रिटनच्या गव्हर्न्मेंट अ‍ॅक्चुअरी डिपार्टमेंटचे अंदाज आले आणि वर्षवार टक्के ठरले : २००७-०८ साठी १५९, २००८-०९ साठी १८८, २००९-१० साठी २००, २०१०-११ साठी २१३ आणि शेवटच्या २०११-१२ साठी १४५. शेवटचं वर्ष एकदम खाली का आलं, असं नवीन मुलं विचारतात. क्लेम कमी झाले नव्हते. एप्रिल २०११ मध्ये थर्ड पार्टीचे दर बरेच वाढवले गेले, त्यामुळे भाजक, म्हणजे हप्ता, मोठा झाला.

खालचा थर कायद्याचा आणि वागण्याचा. मृत्यू आणि इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. १९९४ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्याची मुदतही काढून टाकली होती. दावा अपघात झाला तिथे करता येतो, दावेदार राहतो तिथे करता येतो, प्रतिवादी राहतो तिथेही करता येतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर गणपती घाटात उतरताना ब्रेक निकामी झालेला इंदूरचा ट्रक धार जिल्ह्यात धडकतो, मरणारा माणूस शिरपूरचा, आणि दावा धुळ्याला. इंदूरच्या शाखेला त्याची खबर कधी समन्सने लागते, कधी थेट एकतर्फी अवॉर्डच्या प्रतीने. आणि वागण्याची बाजू अशी, की न्यायाधिकरणात उभं राहणाऱ्या कंपनीच्या खिशातून त्या क्लेमचा जेमतेम तिच्या वाट्याइतका भाग जाणार होता. साक्षीदार शोधायचा, लायसन्स परिवहन कार्यालयातून पडताळून आणायचं, उत्पन्नाचा दाखला तपासायचा, वेळेत तडजोड करायची, हा खर्च आणि खटाटोप एकट्याचा, आणि वाचलेले पैसे सगळ्यांचे. आमच्या मते पूल मोडायला एवढं एक कारण पुरेसं होतं. दर वाढवले असते तरी ते तसंच राहिलं असतं.

२३ डिसेंबर २०११ च्या आदेशाने पूल विसर्जित करायचं ठरलं, आणि पद्धत ठरली ‘क्लीन कट’. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत जमिनीचा भाव एकदा सर्वांनी मान्य केला की पुढे कोणाच्या शेतात विहीर लागली आणि कोणाच्या शेतात खडक, यावरून मागे फिरता येत नाही, हेही तसंच. पूलमध्ये टाकलेली प्रत्येक पॉलिसी ज्या कंपनीने दिली होती तिच्याकडे परत. त्या पॉलिसींवरची उरलेली देणी वर सांगितलेल्या वर्षवार टक्क्यांनी मोजायची आणि त्या मोजमापाने आपसातला हिशेब एकदाच चुकता करायचा. नंतर प्रत्यक्ष क्लेम त्याहून जास्त निघाले तर ते ज्याचे त्याचे, कमी निघाले तरी ज्याचे त्याचे.

एक मांडलेलं उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. समजा २०१०-११ मध्ये पूलचा एकूण हप्ता १,००० कोटी. २१३ टक्क्यांनी अंतिम क्लेम २,१३० कोटी. त्यातले ३०० कोटी देऊन झाले, म्हणजे १,८३० कोटी बाकी. एका कंपनीने या वर्षी १०० कोटींचा हप्ता पूलकडे दिला होता. तिच्या पॉलिसींचे अंतिम क्लेम २१३ कोटी, त्यातले ४० कोटी दिलेले, म्हणून १७३ कोटींची जबाबदारी तिच्याकडे परत आली. बाजारातला तिचा वाटा ८ टक्के असेल तर बाकी देण्यातला तिचा भार १,८३० च्या ८ टक्के, म्हणजे १४६.४ कोटी. फरक २६.६ कोटी तिला इतर सभासदांकडून मिळायला हवा. जिने ट्रकांचा विमा कमी उतरवला आणि इतर धंदा जास्त केला, तिच्या बाबतीत गणित उलटं : ती देणेकरी.

आता नीट बघितलं तर या उदाहरणात शाखेतून येणारे आकडे दोनच आहेत, १०० कोटी हप्ता आणि ४० कोटी दिलेले क्लेम. टक्का वरून ठरून आला. हप्त्यात एक कोटीचा घोळ असेल तर परत येणारी जबाबदारी २ कोटी १३ लाखांनी हलते. म्हणून मुख्यालयाने विचारलेला पहिला प्रश्न क्लेमचा नव्हता, हप्त्याचा होता.

हप्त्याच्या बाजूला आधी वर्ष ठरवायचं. इथे वर्ष म्हणजे अंडररायटिंग वर्ष, पॉलिसी ज्या तारखेला सुरू झाली ते. अपघाताची तारीख नाही, दाव्याची नाही, अवॉर्डची तर नाहीच. १५ ऑगस्ट २०११ ला सुरू झालेल्या पॉलिसीवर जून २०१२ मध्ये अपघात झाला तरी ती पॉलिसी २०११-१२ चीच आणि तिचा हप्ताही त्याच वर्षाचा. हे वाक्य आम्ही भिंतीवर लावलं होतं, कारण दर दोन दिवसांनी कोणीतरी अपघाताच्या तारखेने यादी करून आणत असे. मार्चअखेरच्या नूतनीकरणांना वेगळं बघावं लागलं. २८ मार्च २०१२ ला पैसे भरले, पॉलिसीची जोखीम १ एप्रिलपासून : ती जुन्या पूलमध्ये नाही. पैशाची तारीख बघून टाकल्या गेलेल्या अशा पॉलिसी प्रत्येक शाखेत सापडल्या.

नंतर वाहनाचा वर्ग. पूलमध्ये फक्त व्यावसायिक वाहनं होती; खासगी मोटारी आणि दुचाकी नव्हत्या. चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. टॅक्सी परवाना असलेली गाडी खासगी म्हणून नोंदलेली. पिथमपूरच्या कारखान्यांत चालणाऱ्या क्रेन, फोर्कलिफ्ट, जेसीबी यांसारख्या विशेष प्रकारच्या गाड्यांना मालवाहूचा कोड दिलेला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचा तर कायमचा घोळ : ट्रॉलीचा हप्ता वेगळा घ्यावा लागतो, तो काही पॉलिसींत घेतलाच नव्हता, काहींत घेऊन भलत्याच खात्यात होता. शाळेच्या बसही दोन-तीन कोडांत विखुरलेल्या. तपासायची सोपी पद्धत म्हणजे पॉलिसीवरचा वर्ग आणि नोंदणी पुस्तकावरचा वर्ग समोरासमोर ठेवणं. सगळ्या पॉलिसींची नोंदणी पुस्तकं मिळत नाहीत. पण ज्यांवर क्लेम आहे त्या फाइलमध्ये पोलिसांच्या कागदांबरोबर ती असतातच. आम्ही तिथून सुरुवात केली, आणि ज्या एजंटांच्या पॉलिसींत चुका जास्त दिसल्या त्यांचीच मग बाकीची यादी काढली. सगळं तपासायचा हट्ट धरला असता तर मुदतीत काहीच झालं नसतं.

तिसरी गोष्ट रकान्याची. छापील पॉलिसीत एका बाजूला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता असतो, दुसऱ्या बाजूला दायित्वाचा. दायित्वाच्या बेरजेत मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ताही येतो. तो थर्ड पार्टीचा नाही. बेरजेची ओळ उचलून पूलचं विवरण भरलं की प्रत्येक पॉलिसीमागे थोडी थोडी रक्कम जास्त जाते. एका पॉलिसीत ती नजरेत भरत नाही, पाच वर्षांच्या बेरजेत भरते. सेवाकर वजा न करता टाकलेल्या रकमाही अशाच.

चौथी, आणि सगळ्यात चिवट : रद्द झालेल्या पॉलिसी. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे हप्ता हातात आल्याशिवाय जोखीम घेता येत नाही. चेक परत आला की पॉलिसी रद्द, हप्ता उलटा फिरवायचा. हिशेबात ती पॉलिसी शून्य झाली. पण रद्द केल्याची सूचना मालकाला आणि परिवहन कार्यालयाला अपघाताच्या आधी पोचली होती हे सिद्ध करता आलं नाही, तर तिसऱ्या माणसाची भरपाई कंपनीला द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच हे स्पष्ट केलं. म्हणजे हप्ता शून्य, क्लेम जिवंत. टक्केवारीच्या गणितात अशा पॉलिसीला काहीच वाटा मिळत नाही, कारण शून्याच्या २१३ टक्के शून्यच, आणि देणं मात्र पूर्ण डोक्यावर. म्हणून अशा प्रत्येक पॉलिसीसाठी रजिस्टर पोस्टाची पावती, पोचपावती आणि परिवहन कार्यालयाचा शिक्का असलेली प्रत शोधून वेगळ्या फाइलमध्ये लावली. ज्यांची पोचपावती मिळाली नाही त्या आम्ही ‘जिवंत’ या यादीत ठेवल्या आणि मुख्यालयाला तसं लेखी कळवलं. कोणतंही हस्तांतर असो, रद्द पॉलिसींची यादी मागितल्याशिवाय ते पूर्ण झालं असं मानू नये.

क्लेमच्या बाजूचं काम अधिक लांबलं. दिलेल्या रकमेची यादी बँकेच्या नोंदीशी जुळवायची, हे तसं सरळ वाटतं. अडचण अपिलाच्या रकमांनी आणली. कलम १७३ प्रमाणे अपिलासोबत २५,००० रुपये किंवा अवॉर्डच्या ५० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम भरावी लागते. शिवाय उच्च न्यायालय स्थगिती देताना अवॉर्डचा मोठा भाग जमा करायला सांगतं. आमच्याकडे इंदूर खंडपीठात अशी अपिलं भरपूर. काही शाखांनी ही जमा रक्कम ‘दिलेला क्लेम’ म्हणून दाखवली होती, काहींनी ‘ठेव’ म्हणून. दिलेला म्हटलं तर बाकी देणं कमी होतं. ठेव म्हटलं तर बाकी तेवढंच राहतं आणि ठेव मालमत्तेत दिसते. दोन्ही पद्धती एकाच विवरणात मिसळल्या की एकच रुपया दोनदा मोजला जातो. दावेदाराला न्यायालयाने काढून दिलेली रक्कम तेवढी ‘दिलेली’, बाकी ठेव, असा नियम धरून प्रत्येक अपिलाची ऑर्डर शीट वाचून काढावी लागली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढलेल्या आणि एप्रिलमध्ये वटलेल्या डिमांड ड्राफ्टसाठी वहीत नोंद झाल्याची तारीख धरली. कोणतीही एकच तारीख धरली तर चालतं, पण ती सगळ्या शाखांत एकच हवी.

दुबार नोंदी हा दुसरा मोठा खड्डा. पॉलिसी इंदूर शाखेची, दावा धुळ्याला. धुळ्याच्या शाखेने समन्स घेतलं आणि आपल्याकडे क्लेम क्रमांक उघडला, इंदूरला पोलिसांकडून अपघाताच्या माहितीचा फॉर्म ५४ आला म्हणून इथेही एक क्रमांक उघडला गेला. शिवाय एका अपघातात तीन दावेदार असले की कोणी एकच क्रमांक देतो, कोणी तीन. पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख आणि पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक या तिन्हींची जोड करून यादी लावली की दुबार नोंदी एकाखाली एक येतात. फक्त पॉलिसी क्रमांकाने शोधलं तर एका वर्षात दोन अपघात झालेल्या ट्रकचे दोन खरे क्लेम एक समजले जातात. नावाने शोधू नये : पोलिसांच्या चालानात (आरोपपत्रात) हिंदीत लिहिलेलं नाव, मराठी कुटुंबाच्या अर्जातलं नाव आणि आमच्या सिस्टिममधलं इंग्रजी स्पेलिंग ही एकाच माणसाची तीन रूपं असतात.

बंद फायली खरंच बंद आहेत का, हेही बघावं लागलं. दावेदार हजर राहिला नाही म्हणून ‘अदम पैरवी’त खारिज झालेलं प्रकरण आमच्या नोंदीत शून्य तरतुदीने बंद होतं. असं प्रकरण दावेदाराच्या अर्जावर पुन्हा उभं राहतं. अर्ज पुष्कळदा मंजूर होतो, कारण गावाकडची बाई तारखेला पोचली नाही यात तिचा दोष किती, हे न्यायाधीशांना कळतं. अशा फायलींवर आम्ही तरतूद परत लावली.

तरतुदीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पूलच्या काळात शाखांत ठोकताळ्याने तरतूद व्हायची : मृत्यू म्हणजे अमुक, हाड मोडलं म्हणजे तमुक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानंतर हे चालणारं नव्हतं, कारण गुणकाचा (वयाप्रमाणे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं त्याचा) तक्ताच ठरून गेला. हिशेब असा बसतो. मृत व्यक्ती ३० वर्षांची, महिना ६,००० रुपये कमावणारी, मागे चार आश्रित. वर्षाचे ७२,०००. चार आश्रित असल्यामुळे स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा, उरले ५४,०००. २६ ते ३० वयाला गुणक १७. झाले ९,१८,०००. यावर अंत्यविधी, सहजीवनाचा वियोग वगैरे ठरावीक रकमा. आणि व्याज. बहुतेक फायलींत तेच विसरलेलं होतं. दावा दाखल झाल्यापासून साडेसात टक्के साधं व्याज धरलं आणि निकालाला चार वर्षं लागली, तर ९,१८,००० वर २,७५,४०० रुपये चढतात, म्हणजे बेरीज ११,९३,४००. ठोकताळ्याने चार-पाच लाखांची तरतूद असलेली फाइल अशी दुपटीच्या वर जाते. ज्यांनी या काळात फायली पुन्हा मोजल्या त्यांना १५३ चे २१३ कसे झाले याचं नवल वाटलं नसणार.

व्याजाला जोडून एक बारीक गोष्ट : त्या काळी एका दावेदाराचं व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेलं की आयकर कापून भरावा लागे. कापलेली रक्कम न्यायाधिकरणात जमा होत नसल्यामुळे अवॉर्ड ‘अपुरा भरला’ असा शेरा येतो, वसुलीची नोटीस निघते, आणि पूर्ण भरलेला क्लेम बाकीच्या यादीत परत दिसतो. चेकसोबत कर कापल्याचं प्रमाणपत्र आणि दावेदारनिहाय तक्ता जोडला की हे टळतं.

‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेशही पुष्कळ असतात, लायसन्स खोटं निघालं किंवा गाडीला परवाना नसला की. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंह निकालापासून ही वाट रुळलेली आहे. इथे काहींनी वसुलीची अपेक्षित रक्कम आधीच वजा करून देणं दाखवलं होतं. ट्रकमालकाकडून अशी वसुली किती होते हे ज्याने जप्तीच्या फेऱ्या मारल्यात त्याला विचारावं. वसुली हातात पडेल तेव्हाच धरायची, असं आम्ही ठरवलं.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. हस्तांतराच्या त्या महिन्यांत तडजोडी थंडावल्या. लोक अदालतीसाठी फायली मागितल्या की उत्तर यायचं, ‘पूलचा क्लेम आहे, मंजुरी कोणाची घ्यायची ते ठरायचं आहे.’ वकिलांच्या फीची बिलं अडकली, म्हणून ते तारखा मागू लागले. दावेदारांना बाहेरून कोणीतरी सांगितलं, की पूल बंद झाला, आता पैसे सरकारकडून आले तर येतील. खरगोन, बऱ्हाणपूरकडची कुटुंबं, त्यांत बरीच मराठी, आमच्या कार्यालयात येऊन हेच विचारत. त्यांना दिलेलं उत्तर एकच होतं आणि ते पहिल्या दिवसापासून खरं होतं : पॉलिसीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडूनच पैसे येणार, नवीन अर्ज नाही, नवीन वकीलपत्र नाही, कोणालाही काहीही द्यायचं नाही. हे उत्तर एका कागदावर मराठी आणि हिंदीत छापून दाराशी लावायला, आणि एक प्रत वकिलांच्या बार रूममध्ये द्यायला, काहीही खर्च येत नाही. तडजोडीचे अधिकार हस्तांतराच्या तारखेआधी लेखी ठरवून द्यायलाही खर्च येत नाही. कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबासाठी विधवेची तारीख पुढे ढकलणं, याचं कोणतंही कारण आम्हाला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वाढलेल्या देण्याचा बोजा कंपन्यांना तीन वर्षांत विभागून दाखवायची सवलत मिळाली, आणि त्याआधी, २०११ मध्ये, १५० टक्क्यांची सॉल्व्हन्सीची (देणी फेडण्याइतकं भांडवल हाताशी ठेवण्याची) अट तात्पुरती १३० वर आणली गेली होती. शाखांना याचा फारसा स्पर्श झाला नाही.

१ एप्रिल २०१२ पासून त्याच्या जागी ‘डिक्लाइन्ड रिस्क पूल’ आला, म्हणजे नाकारलेल्या जोखमींचा. फरक महत्त्वाचे होते. सगळी व्यावसायिक वाहनं आपोआप पूलमध्ये जात नव्हती. फक्त थर्ड पार्टीपुरती घेतलेली पॉलिसी, आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या लेखी निकषांत न बसणारी. शिवाय त्यातला किमान २० टक्के भाग कंपनीने स्वतःकडे ठेवायचा. प्रत्येक कंपनीला अशा पॉलिसींचा किमान कोटा ठरवून दिला होता आणि पूलचा तोटा कोटा पूर्ण न करणाऱ्यांवर पडायचा. आमच्या टेबलावरून फरक लगेच दिसला. लायसन्स पडताळणीची पत्रं पुन्हा जाऊ लागली, तपासनीस घटनास्थळी जाऊ लागले, कारण प्रत्येक फाइलमध्ये आता स्वतःचा पैसा होता. हा पूलही १ एप्रिल २०१६ पासून बंद झाला आणि किमान बांधिलकीचे २०१५ चे विनियम उरले : कोटा राहिला, पूल गेला.

दुसऱ्या वेळचं काम हलकं गेलं. पॉलिसी देतानाच पूलची खूण सिस्टिममध्ये पडत होती आणि पॉलिसीची संख्याही कमी होती. तरी एक चूक तशीच परत आली : निकषांत बसणारी पॉलिसी नाकारलेली म्हणून पूलमध्ये टाकणं, कारण काउंटरवरच्या माणसाला तो पर्याय सोपा वाटे. निकषांचा कागद आणि पॉलिसी देतानाचा गाडीचा तपशील फाइलला लावलेला नसेल तर नंतर ते सिद्ध करता येत नाही.

जुन्या पूलच्या फायली अजून संपल्या असं मात्र म्हणू नये. दाव्याची सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आली ती १ एप्रिल २०२२ पासून. तोपर्यंत २०११ च्या अपघाताचा दावा २०१८ मध्येही दाखल होऊ शकत होता. त्यावरचं अपील आणि अंमलबजावणी धरली तर ही कागदपत्रं पुढेही लागतात. मधल्या काळात कंपन्यांची सॉफ्टवेअर बदलली, पॉलिसी क्रमांकांची लांबी बदलली, शाखा एकत्र झाल्या. म्हणून तीन याद्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. पहिली, जुन्या-नव्या पॉलिसी क्रमांकांची जोडयादी, त्यात गाडीचा क्रमांक आणि जोखीम सुरू झाल्याची तारीख. दुसरी, रद्द पॉलिसींची, पोचपावतीच्या प्रतीसह. तिसरी, ३१ मार्च २०१२ ची क्लेम यादी, जशी पाठवली होती तशीच, नंतरच्या दुरुस्त्या वेगळ्या रकान्यात. गाडीच्या क्रमांकाने शोधता आलं पाहिजे, कारण समन्समध्ये पॉलिसी क्रमांक चुकीचा असतो किंवा नसतोच; गाडीचा क्रमांक मात्र पोलिसांच्या कागदावरून आलेला असल्याने बहुधा बरोबर असतो.